कमी व्होल्टेजची चिप आणि तिच्यातील वीजगळती

'वीजगळती' हा शब्द वाचनात येतो तो बहुधा वीज खात्याच्या संदर्भात. तारांवर टाकलेले आकडे, नादुरुस्त मीटर, वाहिन्यांत होणारी घट असे त्याचे परिचित अर्थ. त्याच नावाची दुसरी गळती नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात अहोरात्र चालू असते. तिला चोर नाही आणि तिच्यावर छापाही घालता येत नाही. खिशातील फोन काहीही न करता तापतो किंवा रात्री न वापरताही त्याची बॅटरी उतरते, त्याला अनेक कारणे असली तरी त्यांपैकी एक ही गळती असते.

ती रोखण्याचे काम देशातील ज्या मोजक्या शहरांत मोठ्या प्रमाणावर चालते, त्यांत हैदराबाद आहे. काचीगुडा आणि नारायणगुडा यांच्या शेजारची बरकतपुरा ही तेथील जुनी वस्ती. भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयामुळे शहरभर परिचित. या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्या पुढाकाराने 1907 मध्ये उभी राहिलेली विवेकवर्धिनी संस्था हा या समाजाच्या शैक्षणिक वाटचालीतील ठळक टप्पा. आता शहराचा इलेक्ट्रॉनिक व्यवसाय पश्चिमेकडे माधापूर-गच्चीबावलीकडे सरकला आहे. इंटेल, एएमडी, क्वालकॉम, मायक्रॉन यांची अभियांत्रिकी केंद्रे हैदराबादेत आहेत, आणि 1998 मध्ये स्थापन झालेल्या ट्रिपल आयटीत चिप-रचनेचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. वस्तीच्या नावातील 'बरकत' मात्र या शास्त्रालाही लागू पडते. मिळकत भरपूर, पण घरात बरकत नाही, अशी आधुनिक चिपची स्थिती काही काळ झाली होती.

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा दरवाजा. गेटवर पुरेसे व्होल्टेज दिले की सोर्सकडून ड्रेनकडे प्रवाह वाहतो. व्होल्टेज काढले की तो थांबतो. निदान थांबावा अशी अपेक्षा असते. खाजन शेतीच्या बांधावरील मानशीचे दार भरतीला बंद झाले तरी फळ्यांच्या फटींतून थोडे खारे पाणी आत झिरपतेच; ट्रान्झिस्टरचेही तसेच आहे. ज्या व्होल्टेजला दार उघडते त्याला उंबरठा व्होल्टेज म्हणू. गेटवरील व्होल्टेज उंबरठ्याखाली गेल्यावर प्रवाह एकदम शून्य होत नाही, तो टप्प्याटप्प्याने दसपटीने घटतो. सामान्य तापमानाला नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाह दसपटीने खाली आणण्यासाठी किमान 60 मिलिव्होल्टचा उतार लागतो. ही मर्यादा कारागिरीची नसून उष्णतेने चंचल झालेल्या इलेक्ट्रॉनांची आहे.

1963 मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतील फ्रँक वॉनलास यांनी परस्परपूरक जोडीची सीमॉस रचना मांडली, तेव्हा तिचे आकर्षण हेच होते की स्वस्थ बसलेले मंडल जवळजवळ काहीच वीज खात नाही. पुढे 1974 मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रान्झिस्टर लहान करत जाण्याचे सूत्र दिले. मापे ज्या प्रमाणात कमी करावीत त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवावे, म्हणजे चिप तापणार नाही. पुढची सुमारे तीस वर्षे उद्योग या सूत्रावर चालला.

पेच येथेच होता. स्विच करताना खर्च होणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून व्होल्टेज अर्धे केले की हा खर्च चौथाई होतो. परंतु व्होल्टेज उतरवून वेग राखायचा तर उंबरठाही उतरवावा लागतो, आणि उंबरठा उतरला की फट रुंदावते. दसपट घटीला 90 मिलिव्होल्ट लागणाऱ्या ट्रान्झिस्टरचा उंबरठा 450 वरून 270 मिलिव्होल्टवर आणला, तर गळती शंभरपट होते. एका ट्रान्झिस्टरची गळती एक नॅनोअँपिअर धरली, तर शंभर कोटी ट्रान्झिस्टरांची एक अँपिअर होते. एक व्होल्टवर याचा अर्थ एक वॅट, काहीही काम न करता. फोनची 5000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी तेवढ्यानेच सुमारे एकोणीस तासांत रिकामी होईल. शिवाय गेटखालील ऑक्साइडचा थर पाच-सहा अणूंइतका पातळ झाल्यावर इलेक्ट्रॉन त्याच्यातूनही आरपार जाऊ लागले. 2004 मध्ये इंटेलने आपला 'तेजस' हा पुढचा पेंटियम प्रोसेसर सोडून दिला, त्यामागे विजेचा आणि उष्णतेचा हाच प्रश्न होता. प्रकल्पाचे नाव भारतीय असावे आणि तो तापण्याच्या भयाने थांबावा, हा योगायोगच म्हणायचा.

उपायांपैकी काही कारखान्यातले आहेत, काही रचनाकाराच्या हातातले. कारखान्याने ऑक्साइडच्या जागी हाफ्नियमयुक्त थर आणला. इंटेलच्या 45 नॅनोमीटर चिपमध्ये तो 2007 मध्ये उत्पादनात आला. त्यानंतर सपाट ट्रान्झिस्टरऐवजी माशाच्या परासारखा उभा फिनफेट आला, ज्यात गेट मार्गिकेला तीन बाजूंनी कवेत घेते. त्याचा पाया बर्कले येथे चेनमिंग हू यांच्या गटाने 1990 च्या दशकाच्या अखेरीस घातला होता.

रचनाकाराचे काम अधिक गृहस्थी वळणाचे आहे. पहिला नियम असा: ज्या वाटेवर घाई आहे तेथेच नीच उंबरठ्याचे, वेगवान पण गळके ट्रान्झिस्टर वापरावेत, उरलेल्या बहुसंख्य ठिकाणी उंच उंबरठ्याचे. दुसरा नियम न वापरलेल्या खोलीचा दिवा मालवण्याचा. एखाद्या विभागाला काम नसेल तेव्हा त्याच्या आणि वीजपुरवठ्याच्या मध्ये उंच उंबरठ्याचा मोठा ट्रान्झिस्टर बंद करून पुरवठाच तोडायचा. जपानच्या एनटीटीमध्ये मुतोह आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये एक व्होल्टच्या मंडलांसाठी ही पद्धत मांडली. ऐकायला ती सोपी वाटते, पण खरी कटकट तिच्या तपशिलात आहे. झोपलेल्या विभागातील माहिती पुसली जाते, म्हणून महत्त्वाचे अंक जागत्या कोठाराकडे सोपवावे लागतात. झोपलेल्या भागाच्या तारांवर अर्धवट व्होल्टेज तरंगते. ते शेजारच्या जाग्या मंडलात गेले तर तेथे गळती वाढते, म्हणून मध्ये पहारेकरी मंडल ठेवावे लागते. विभाग एकदम जागा केला तर प्रवाहाचा लोंढा येऊन शेजाऱ्यांचा पुरवठा ढासळतो, म्हणून त्याला हळूहळू जागे करायचे. आणि झोप इतकी थोडी असू नये की झोपवण्या-उठवण्याचा खर्चच बचतीहून जास्त होईल. एकाखाली एक असे दोन बंद ट्रान्झिस्टर ठेवले तर गळती एकाच्या तुलनेत पुष्कळच घटते, हा आणखी एक जुना आणि स्वस्त तोडगा.

मग व्होल्टेज आणखी उतरवत गेले तर? येथे अनेकांची समजूत चुकते. व्होल्टेज फार खाली नेले की मंडल मंदावते, तेच काम पुरे व्हायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा सारा वेळ गळती चालूच राहते. म्हणून ऊर्जेला एक तळ असतो. त्याच्या खाली उतरणे तोट्याचे. एमआयटीतील ॲलिस वांग आणि अनंत चंद्रकासन यांच्या प्रोसेसरने हे प्रत्यक्ष दाखवून दिले. तो 180 मिलिव्होल्टपर्यंत चालत असे, पण त्याची सर्वांत काटकसरी चाल 350 मिलिव्होल्टवर होती.

उष्णतेचा हिशेब निराळाच. तापमान वाढले की गळती झपाट्याने वाढते, गळतीने चिप अधिक तापते, आणि आवरणाने उष्णता बाहेर टाकली नाही तर हे चक्र आवरत नाही. हैदराबादचा मे महिना चाळीस अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या उपकरणाच्या पेटीतील चिप त्याहून कितीतरी गरम असते. म्हणून प्रयोगशाळेच्या 25 अंशांवर मोजलेली गळती कोणी पुढे केली, तर अनुभवी अभियंता आधी तापमान विचारतो.

सर्वांत नवे तेच सर्वांत काटकसरी, असेही नाही. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने घडवलेला 'अजित' प्रोसेसर 180 नॅनोमीटरच्या जुन्या तंत्राने देशातच बनला. मीटर, संवेदक अशा सावकाश कामांना जुन्या तंत्राची कमी गळती पुष्कळदा सोयीची पडते. त्याच संस्थेत ट्रान्झिस्टरवर दीर्घकाळ संशोधन केलेले प्रा. व्ही. रामगोपाल राव मूळचे तेलंगणाचे. पुढे ते बिट्स पिलानीचे कुलगुरू झाले. या विद्यापीठाचे एक संकुल हैदराबादेत आहे आणि दुसरे आपल्या झुआरीनगरात.

हा सारा खटाटोप कशासाठी, हे पेसमेकरच्या हिशेबावरून कळते. समजा, त्याची बॅटरी एक अँपिअर-तासाची आहे आणि खर्च 10 मायक्रोअँपिअरचा. ती एक लाख तास, म्हणजे साधारण साडेअकरा वर्षे पुरेल. चिपच्या गळतीने त्यात केवळ 2 मायक्रोअँपिअरची भर घातली, तर आयुष्य साडेनऊ वर्षांवर येते. बॅटरी संपली की छातीवर पुन्हा छेद घेऊन उपकरण बदलावे लागते. रुग्ण सत्तरीचा असेल, तर ती शस्त्रक्रिया दोन वर्षे अलीकडे येते.