काचेवरची तसबीर आणि भिंगाला न्याय



डिचोली तालुक्यातील मुळगावासारख्या गावात एखाद्या जुन्या घराच्या सोप्यावर पाऊल टाकावे, तो पणजोबांची तसबीर नजरेत भरते. पगडीची घडी न् घडी तीत मोजून घ्यावी. शेजारीच नातवाने घरातल्या अंधुक उजेडात मोबाइलवर टिपून तेवढ्याच आकारात छापविलेले चित्र असते; ते जवळ जाताच पुसट भासते. मग आपण सहज म्हणतो, ‘जुनी भिंगेच चांगली!’ हा निवाडा न्याय्य आहे काय?

पलीकडच्या पेडण्यातील मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे जन्मगाव. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडील आद्य छायाचित्रकारांपैकी एक. १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत ते होते. इंग्लंडात आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची रीत तेव्हा रूढ होऊ लागली होती. साडेआठ इंच लांबीची काच ओली असतानाच चित्र टिपावे लागे. पुढे तिच्यावर कागद ठेवून ते उन्हात छापीत. काच जेवढी, चित्र तेवढेच!

१९२५ साली जर्मनीत लायका कॅमेरा विक्रीस आला. त्याची चौकट अवघी ३६ मिलिमीटर लांब. साडेआठ इंची चित्रासाठी ती सहापट वाढवावी लागे. मोबाइलमधील सेन्सर पुष्कळदा सहा मिलिमीटरांच्या आसपास असतो. तेथे वाढ छत्तीस पटींची!

आता समजा, भिंगाच्या दोषामुळे एक बिंदू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका पसरला. काचेवरून छापलेल्या चित्रात तो डोळ्याला दिसणारच नाही; कारण वीतभर अंतरावरून एक दशांश मिलिमीटरहून बारीक तपशील सहसा ओळखू येत नाही. लायकाच्या चित्रात तो जेमतेम जाणवेल. मोबाइलच्या चित्रात मात्र तो पाऊण मिलिमीटरचा डाग होईल. त्यातच लहान सेन्सरवर प्रकाश थोडा पडतो, म्हणून अंधारात चित्र खरखरीत होते.

तात्पर्य, मोबाइलचे इवलेसे भिंग निकृष्ट नव्हे; पणजोबांच्या भिंगाहून कितीतरी सूक्ष्म काम ते करीत असते. जुन्या तसबिरीचा रेखीवपणा हे मुख्यतः त्या मोठ्या काचेचे देणे आहे.

आणि म्हणूनच एक विनंती. ‘तसबीर मोबाइलवर उतरवून घेतली, आता काच कशाला?’ असे म्हणून माळ्यावरच्या जुन्या काचा टाकून देऊ नका. मोठ्या काचेवरचा सारा तपशील इवल्या सेन्सरमधून सुखरूप पार होईलच असे नाही, आणि एकदा हरवलेली रेघ पुन्हा मिळत नाही. आपल्याकडचा पाऊस त्यांचा वैरी आहे. प्रत्येक काच कोऱ्या कागदात गुंडाळून, कोरड्या जागी उभी ठेवा. पणजोबांचा चेहरा तीतच सर्वांत अधिक उरला आहे.