ज्यूक-बॉक्सपुढची पोरं

तरुण पोरं लोकप्रिय संगीत ऐकत नाहीत, बाजार ते त्यांच्या कानांत ओततो, असं मानणाऱ्यांचा पक्ष जुना आणि वजनदार आहे. तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो यांनी १९३८ आणि १९४१ च्या निबंधांत तो हिरिरीने मांडला: गाणी साच्यातली, म्हणून ऐकणंही साच्यातलं. १९५७ मध्ये समीक्षक रिचर्ड हॉगर्ट यांनी इंग्लंडच्या मिल्क बारचं चित्र काढलं. पंधरा ते वीस वयाची पोरं अमेरिकन ढबीत उभी आहेत आणि ज्यूक-बॉक्समध्ये नाण्यामागून नाणं टाकताहेत. हॉगर्टांना त्यात निव्वळ पोकळपणा दिसला. लोकलच्या दारात इअरफोन लावून उभ्या असलेल्या पोराकडे पाहून आपणही हेच पुटपुटतो.

या पक्षाची खोट मुळातच आहे. ज्याच्यावर आरोप, त्याला कुणी काही विचारलेलंच नाही.

विचारलं ते समाजशास्त्रज्ञ पॉल विलिस यांनी, आणि तेही हॉगर्टांनीच १९६४ मध्ये बर्मिंगहॅमला उभारलेल्या संस्कृती-अभ्यास केंद्रातून. मोटारसायकलवाल्या पोरांत ते जाऊन बसले. १९७८ चं ‘प्रोफेन कल्चर’ त्यातून आलं. या पोरांचा जीव होता रॉक-अँड-रोलवाला बडी हॉली आणि सुरुवातीच्या एल्व्हिस प्रेस्लीवर. हॉली तर १९५९ मध्येच गेला होता. बाजार नवं खपवत असताना ही गिऱ्हाइकं मागचं मागत होती. शिवाय त्यांना एलपी नको, सिंगल हवी. दोन-अडीच मिनिटांत तबकडी संपते आणि पुढची कोणती लावायची हे ऐकणारा ठरवतो. एलपीतला क्रम कंपनीने आधीच लावून दिलेला असतो. हे कळल्यावर हॉगर्टांची ती नाणी वेगळी दिसू लागतात. प्रत्येक नाण्यामागे एक निवड होती.

मात्र बर्मिंगहॅमवाले दुसऱ्या टोकाला गेले. डिक हेब्डिज यांच्या १९७९ च्या पुस्तकात पंकवाल्यांच्या सेफ्टी पिनेतही बंड सापडतं. सापडणारच, पाहणाऱ्याची नजर रस्त्यावर आणि पोशाखावर खिळलेली. त्याच केंद्रातल्या अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी या मंडळींना त्याआधीच हटकलं होतं: यात मुली कुठे आहेत? त्या घरात होत्या, मैत्रिणींसोबत, रेकॉर्ड प्लेअर लावून. त्यांच्या ऐकण्याला बंड म्हणता येत नाही, गुलामीही म्हणता येत नाही. अर्थात या मांडणीत मुलीला स्वतंत्र खोली असते. वन रूम किचनमध्ये वाढणारीला ती कुठली? तिच्यासाठी इअरफोन हाच आडोसा, आणि त्यावर चिडणारे वडील खरं तर त्या आडोशावरच चिडत असतात.

अडोर्नोंचं एक म्हणणं मात्र खोडता येत नाही. ज्यूक-बॉक्सच्या पेटीत कोणत्या तबकड्या भरायच्या, हे नाणं टाकणारा ठरवत नव्हता. आज फोनवर एक गाणं संपताच पुढचं आपोआप सुरू होतं, म्हणजे सिंगलवाल्यांनी राखलेली निवडही ॲपकडे गेली. पण ही तक्रार ॲपवाल्यांपुढे मांडायची आहे. पोरांच्या कानांना दोष देऊन तिचा निकाल लागत नाही.