गुरं का विकली नाहीत?

मैत्रिणींनो, आज लेसोथोची गोष्ट. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा डोंगराळ देश. १९७५ साली जागतिक बँकेने त्याच्यावर अहवाल लिहिला. त्यात लोक दिसतात ते जुन्या वळणाचे, बाजार न पाहिलेले शेतकरी! प्रत्यक्षात तिथले पुरुष पिढ्यान् पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबत होते. खेड्यातल्या चुली मुख्यतः त्याच पगारावर पेटत.

त्याच सुमारास थाबा-त्सेका भागात बँकेच्या आणि कॅनडाच्या पैशातून प्रकल्प सुरू झाला. जनावरं विका, पैसा करा, असा सल्ला. लोक विकेनात, म्हणून अडाणी ठरले.

जेम्स फर्ग्युसन हा मानववंशशास्त्रज्ञ तिथे राहिला आणि त्याने घराघरातला व्यवहार पाहिला. रोख पैसा घरात आला, की धान्याला, मुलांच्या कपड्यांना बायको तो मागू शकते. गुरं मात्र पुरुषाची. फार मोठी अडचण असल्याशिवाय ती विकायची नाहीत, असा रिवाज. खाणीतला नवरा गावातला मान आणि म्हातारपणाची सोय गुरांत बांधून ठेवी. पुष्कळ बायकांना ते पटत नसे. अहवालात हे भांडण कुठून येणार?

खाणीतली मजुरी, वर्णभेदी राजवट, हा विषय राजकारणाचा. तो बाजूला ठेवून साहेबलोक कुरणं सुधारत बसले. गुरांचा बेत फसला. १९९० च्या पुस्तकात फर्ग्युसनने दाखवलं, की रस्ता मात्र झाला आणि त्यावरून पोस्ट, पोलीस नि तुरुंग डोंगरात पोचले.