संकेतस्थळातील अंतर्भूत देयकव्यवस्था

साताऱ्याजवळील कास पठाराचे प्रवेशशुल्क असो वा सांगलीची हळद, ग्राहकाला संकेतस्थळ न सोडता तेथेच पैसे भरता यावेत, या सोयीस अंतर्भूत देयकव्यवस्था म्हणतात. विक्रेता, पेमेंट गेटवे आणि बँक यांच्यात काही क्षणांत निरोपांची देवाणघेवाण होऊन व्यवहार पूर्ण होतो.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागते ती खात्यातून रक्कम वजा होऊनही पोच न मिळाल्यास. त्यासाठी प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक असावा. म्हणजे ग्राहकाने बटण दोनदा दाबले तरी रक्कम एकदाच वजा होते. ग्राहकाच्या पडद्यावरील संदेशावर विसंबून न राहता गेटवेचा निरोप विक्रेत्याच्या सर्व्हरने स्वतः पडताळावा.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने भरलेल्या रकमेची पोच विक्रेत्याला न मिळाल्यास ती व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत व्हावी लागते. त्यापुढील विलंबास दररोज १०० रुपये भरपाई आहे. ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन वापरले जाते. ग्राहकाने तक्रारीसाठी व्यवहार क्रमांक जपून ठेवणे हितावह.