जुन्या घराचं लाकूड आणि आपला हिशेब

आम्ही साखरखेर्ड्याच्या बचत गटातल्या बाया आज तुमच्याशी लाकडाबद्दल बोलणार आहोत. चुलीतल्या लाकडाबद्दल नाही, घराला खांदा देणाऱ्या लाकडाबद्दल.

सुरुवात आमच्या चुकीपासूनच करतो. आमच्यातल्या एकीचं जुनं धाब्याचं घर घरकुलासाठी पाडायचं होतं. जुनं लाकूड घेणारा एक जण आला. काळे पडलेले खांब पाहून म्हणाला, "हे आता सरपणच." किलोवर भाव ठरला आणि बारा खांब टेम्पोत चढले. आमच्या बाईला वाटलं, बरं झालं, जागा मोकळी झाली. पुढे दोन महिन्यांनी एका घराला नवी चौकट बसताना आम्ही पाहिली. रंधा मारलेलं पिवळसर सोनेरी सागवान होतं ते. सुतारानं सांगितलं, लाकूड जुन्या खांबांचं आहे. त्या दिवशी आम्ही ठरवलं की आपल्या घरात काय उभं आहे ते आपल्याला कळलंच पाहिजे.

तर आधी ते घर कसं असायचं ते पाहू. आपल्या वऱ्हाडात आणि शेजारच्या मराठवाड्यात जुनं घर खणांत मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि वर जाड मातीचा थर. भिंती मातीच्या असत, पण पक्क्या घरात छताचा भार लाकडी सांगाड्यावर असे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. जिथे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची जड माती एकदम खाली आली तिथे माणसं गाडली गेली. पण जिथे खांब-तुळयांचा सांगाडा एकमेकांत नीट अडकवलेला होता, तिथे भिंत पडूनही छत तोललेलं राहिल्याची उदाहरणं आहेत.

प्रत्येक कामाला वेगळं झाड लागे. खांब, तुळया आणि दारांना साग, कारण त्यात तेल असतं आणि उधई त्याला सहजी लागत नाही. नांगर, वखर आणि गाडीच्या चाकाला बाभूळ. साध्या दारांना आणि पेटीला कडुनिंब. पाटाला आणि स्वस्त फळ्यांना आंबा. पळसाचं लाकूड पाण्याखाली टिकतं, म्हणून ते विहिरीच्या बांधकामात जाई. बाभळीचं खोड तोडलं की ते काही महिने तळ्यात किंवा नदीच्या डोहात बुडवून ठेवत. त्यातला गोडवा पाण्यात उतरतो आणि मग भुंगा पोखरत नाही. हे ज्ञान पुस्तकातलं नव्हतं, बलुत्यावर काम करणाऱ्या सुताराच्या हातातलं होतं.

मशीन नव्हती तेव्हा ओंडका चिरायचं काम आराकस करत. खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवायचा. एक माणूस वर उभा, दुसरा खाली खड्ड्यात, आणि मध्ये लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. अशा मेहनतीनं निघालेली फळी कोणी वाया घालवत नसे. घर पडलं तरी लाकूड मरत नसे. आजोबाच्या वाड्याची तुळई नातवाच्या गोठ्यात जाई, गोठ्याची कडी पुढे पाळण्याच्या दांडीत.

आता थोडा इतिहास. आपल्या गावाचं नाव शाळेच्या पुस्तकात नसलं तरी ऑक्टोबर १७२४ मध्ये इथेच निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. निजाम जिंकला, गावाला फत्तेखेर्डा असं नाव दिलं आणि दख्खनमध्ये त्याची सत्ता पक्की झाली. पुढे १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. इथून लाकडाची गोष्ट बदलली.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मलकापूर, शेगाव, अकोला अशी रेल्वे आली, १८६७ ला ती नागपूरला पोचली, आणि १८७० ला खामगावला फाटा गेला. कापसाच्या पैशावर माड्या चढल्या, कोरीव चौकटी बसल्या. पण एक मैल रूळ टाकायला सुमारे दोन हजार स्लीपर लागतात आणि सागाचा स्लीपर उत्तम. एकीकडे घरं, दुसरीकडे रेल्वे, आणि मध्ये जंगल.

सरकारनं १८६४ ला देशाचं वनखातं उभं केलं. १८६५ आणि १८७८ ला जंगलाचे कायदे आले. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच होता, म्हणून इथे १८८६ ला वेगळा वऱ्हाड वन कायदा झाला. मेळघाटचं सागवान राखीव झालं. मैदानात बाभळीची बनं आणि गवताची रमणंही सरकारनं राखायला घेतली. काल ज्या झाडाची फांदी आणायला विचारावं लागत नव्हतं, त्यासाठी आता परवाना आणि पैसे लागू लागले. जंगल वाचायला हवं होतं, यात वाद नाही. पण गावाची गरज हिशेबात शेवटी धरली गेली, हेही खरं.

मग वीज आली आणि तालुक्या-तालुक्याला आरा मशीन आली. दोन माणसांचं दिवसाचं काम काही मिनिटांत होऊ लागलं. तोडही तशीच वाढली. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन प्रकरणात मोठा आदेश दिला आणि देशभर विनापरवाना आरा मशीनवर गदा आली. पुढे २००२ ला केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नवी मशीन उघडू नये असंही न्यायालयानं सांगितलं. आपल्या राज्यात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणजे नवं सागवान मिळणं अवघड आणि महाग झालं. आणि म्हणूनच, मैत्रिणींनो, आपल्या जुन्या घरातल्या खांबांना भाव आला. तो भाव व्यापाऱ्याला कळला, आपल्याला कळला नाही.

का कळला नाही? दरसाल मृगाच्या आधी धाब्यावर पांढरी माती वाहून चढवायची ती आपण. गळतं कुठे, कोणत्या कडीला उधई लागली, हे आपल्याला ठाऊक. पण घर मोडताना सौदा ओट्यावर पुरुषांत होतो आणि आपण आत चहा ठेवतो. आणि सातबारा असो की नमुना आठ, नाव बहुतेक ठिकाणी आपलं नसतं.

दुसऱ्या वेळी गटातल्या दुसऱ्या घराची पाळी आली तेव्हा आम्ही टेप घेऊन उभ्या राहिलो. हिशेब सोपा आहे. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात. तिन्हींचा गुणाकार करून १४४ नं भागा. आठ फुटांचा, सहा इंच बाय सहा इंचाचा खांब म्हणजे दोन घनफूट. सुक्या सागाचा एक घनफूट साधारण १८ किलो भरतो. म्हणजे एक खांब सुमारे ३६ किलो. आता सरपणाचा किलोचा भाव आणि सागाचा घनफुटाचा भाव, दोन्ही लावून पाहा. पहिल्या वेळी आमचे बारा खांब, म्हणजे २४ घनफूट, कोणत्या भावानं गेले ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

शेतातलं गोल खोड विकायचं असेल तर ते घेरावर मोजतात. घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं. चार फूट घेर, दहा फूट लांबी, म्हणजे दहा घनफूट. खरं लाकूड त्यात पावणेतेराच्या आसपास असतं. वरची साल आणि कडा वाया जातात म्हणून ही रीत पडली. पण कडा कोण नेणार, हे सौद्यातच बोलून घ्यावं.

लाकूड निवडताना आम्ही तुळईचं टोक आधी पाहिलं. भिंतीत गेलेला भाग ओल धरतो आणि तिथेच कुजतो. खिळा टोचून पाहिला. मऊ लागलं तेवढा फूटभर तुकडा कापला, बाकीचं लाकूड खणखणीत निघालं. मग खिळे काढले. हे काम कंटाळवाणं, पण करावंच लागतं, कारण आत राहिलेला एक खिळा आरा मशीनचं पातं मोडतो आणि मशीनवाला असं लाकूड परत पाठवतो. एका मुलीनं जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणलं, ते लाकडावर फिरवून आम्ही लपलेले खिळे शोधले. लाकूड परवाना असलेल्या मशीनवरच नेलं. जुन्या घराचं आहे हे दाखवायला पाडण्याआधीचे फोटो आणि ग्रामपंचायतीचा दाखला जवळ ठेवला, आणि नेण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घेतलं. त्या लाकडातून तीन घरकुलांची दारं आणि चौकटी झाल्या. वर जवसाचं तेल चोळलं. उरलेल्या तुकड्यांचे पाट आणि पोळपाट झाले.

त्यातल्या एका दाराच्या वरच्या पट्टीवर जुन्या चौकटीतलं कोरीव फूल तसंच ठेवलं आहे. त्या घरची सासू रोज त्याला हात लावून बाहेर पडते. म्हणते, "माझ्या लग्नात हेच दार होतं."

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावात कोणाचं जुनं घर पाडायचं निघालं तर आधी टेप काढा, मग चहा ठेवा. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घराचे खण, खांब आणि तुळया मोजून वहीत लिहून आणा. घर कोणी बांधलं आणि लाकूड कुठून आलं, हे गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. आणि ते लवकर विचारा, कारण वाड्यांसारख्याच त्या बायाही आता थोड्याच उरल्या आहेत.