धूळ, धूर आणि खाणपट्ट्यातले मेस्त्री

गोव्याच्या खाणींवर आजवर पुष्कळ लिहून झालंय. पट्टे कुणाचे, माल किती गेला, कोर्टात काय झालं, हे सगळं कुठे ना कुठे सापडतं. पण डोंगर पोखरणारी ती यंत्रं रोज सकाळी चालू कोण ठेवत होतं, हे फारसं कुणी लिहीत नाही. डिचोली, साखळी, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या पट्ट्यातली आपली किती घरं या कामावर उभी राहिली! कुणी इथलेच, कुणी चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून बेळगाव-खानापूरकडून आलेले, कुणी दोडामार्ग-सावंतवाडीकडचे. ऑपरेटर आणि फोरमन यांची नावं तरी लोकांच्या लक्षात राहतात. एअर क्लीनर धुणारा आणि सायलेन्सर उतरवणारा माणूस मात्र कुणाच्याच खिजगणतीत नसतो. आजची पोस्ट त्याच्या कामाबद्दल आहे.

सुरुवातीला खाणीवर यंत्रं नव्हतीच. पोर्तुगीज अमदानीत खाणकामाचे परवाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून मिळू लागले, पण माल खोदायचा तो कुदळीने आणि वाहायचा तो डोक्यावरच्या पाटीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोखंड हवं झालं, मागणी वाढली, आणि १९५० च्या दशकात डोझर, शॉवेल, डंपर दिसू लागले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर हा व्याप आणखी वाढला. आपल्याकडचा माल जांभ्याच्या आणि मातीच्या जाड थराखाली असतो. एक टन खनिज काढायचं तर साधारण दोन-तीन टन माती आधी बाजूला सारावी लागते. म्हणजे यंत्राचं निम्म्याहून जास्त आयुष्य नुसती माती हलवण्यात जायचं, आणि ऑक्टोबरची ऊन्हं पडली की ती सगळी माती धूळ होऊन हवेत असायची.

आता ही धूळ इंजिनाला का नडते ते बघा. एक लिटर डिझेल जाळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात इंजिन त्याहूनही जास्त ओढतं. म्हणजे शंभर लिटर डिझेल संपेपर्यंत दहा लाख लिटर हवा आत गेली. ती हवा कुठली, तर ढगासारखी लाल धूळ उडतेय तिथलीच. या धुळीत खनिजाचे कण असतात आणि गारेचेही. गारेचा कण सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण. तो आत गेला की पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. मूठभर धूळ पुरते. मग इंजिन तेल खायला लागतं, ब्रीदरमधून दम टाकतं, चढावर डंपर मागे पडतो, आणि हजारो तास चालायला हवं ते इंजिन अर्ध्या वाटेवरच उघडावं लागतं.

हे दुखणं जगभरातलं होतं. अमेरिकेत ट्रॅक्टर विकणाऱ्या फ्रँक डोनाल्डसन यांनी १९१५ मध्ये शेतातल्या धुळीपासून इंजिन वाचवायला तारेच्या सांगाड्यावर कापड चढवून एक साधा क्लीनर केला. पुढे आले ते तेलाचे क्लीनर, म्हणजे ‘ऑइल बाथ’. आपल्या खाणींवरच्या जुन्या यंत्रांवर हेच असायचे. खाली तेलाची वाटी, वर तारेच्या जाळीचा गुंता. हवा आधी तेलावर आपटायची, जड धूळ तेलात बसायची, आणि तेलाचे थेंब घेऊन वर गेलेली हवा जाळीत उरलेली धूळ सोडायची. जाळीतून ओघळलेलं तेल पुन्हा वाटीत.

या वाटीची निगा हेच हेल्परचं पहिलं शिक्षण. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी वाटी उतरवायची, बोटाने तळ बघायचा. गाळ बसला असेल तर तेल ओतून द्यायचं, वाटी आणि जाळी डिझेलने धुवायची, निथळू द्यायची, आणि खुणेपर्यंतच नवं तेल भरायचं. कमी भरलं तर धूळ अडत नाही. जास्त भरलं तर आणखी वाईट, कारण इंजिन ते तेल ओढून घेतं. डिझेल इंजिनाला जळायला तेलही चालतं. मग पंप बंद केला तरी इंजिन थांबत नाही, वेग वाढतच जातो. अशा वेळी हवेचं तोंड दाबून बंद करणं एवढाच उपाय. म्हणून जुने मेस्त्री सांगायचे, “तेल खुणेला, नाहीतर इंजिन देवाला.”

या तेलाच्या क्लीनरची एक मर्यादा होती. चांगला असला तरी शंभरातली चार-पाच टक्के धूळ त्यातून निसटायची, आणि इंजिन हळू चालत असलं की त्याहून जास्त. हवा जोरात आपटली नाही तर धूळ तेलात बसणार कशी? टर्बोचार्जर लावलेली मोठी इंजिनं येऊ लागली तसा हा दोष परवडेनासा झाला. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर-कमिन्स सुरू झाली, बंगळुरात १९६४ साली भारत अर्थ मूव्हर्स. पुढच्या दशकांत देशी डंपर-डोझर मोठे होत गेले, आणि त्यांच्याबरोबर घड्या घातलेल्या कागदाचे सुके फिल्टर आले. ते ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवायचे. आणि इथे आपल्या वर्कशॉपांत एक खरा पेच उभा राहिला.

तेलाच्या क्लीनरने वीस वर्षं एकच सवय लावली होती : रोज उघडा, रोज धुवा. जो मेस्त्री रोज उघडतो तो चांगला. कागदाच्या फिल्टरला ही सवय घातक. कारण नवा कागद जेवढी धूळ अडवतो, त्याहून थोडा मळलेला कागद जास्त अडवतो. वर बसलेला धुळीचा थरच बारीक कण धरतो. शिवाय फिल्टर बाहेर काढताना प्रत्येक वेळी थोडी धूळ आत सांडायची भीती असतेच. म्हणून नव्या पद्धतीत सांगितलं होतं, की इंडिकेटरवर लाल पट्टी दिसेपर्यंत हात लावू नका. ज्याने आयुष्यभर रोज वाटी धुतली त्याला हे आळशीपणाचं वाटणार नाही तर काय? उलट काही तरुण पोरं लाल पट्टी दिसली की फिल्टर काढून टायरवर आपटायची. धूळ झडली की झालं काम! पण आपटल्याने पत्र्याची कड वाकते, कागदाला चीर जाते, आणि पुढे धूळ सरळ इंजिनात.

हळूहळू या कामाची एक रीत बसली. घरोघरच्या निवृत्त मेस्त्रींना ती तोंडपाठ असेल. हवा मारायची ती आतून बाहेर, आणि दाब दोन किलोच्या आतच. मग अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या पोटात दिवा धरायचा. कुठे सुईएवढा उजेड दिसला तरी तो फिल्टर भंगारात. बाहेरचा फिल्टर काही वेळा साफ करून वापरता येतो, आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नाही, तो फक्त बदलायचा. शेवटी फिल्टरच्या पुढच्या पाइपात पांढरा कपडा बांधलेलं बोट फिरवायचं. कपडा लाल झाला तर दोष फिल्टरचा नसेलही, रबरी होज फाटलाय किंवा क्लॅम्प ढिला आहे. हजारो रुपयांचा फिल्टर घालून दहा रुपयांच्या क्लॅम्पपायी इंजिन गेलेली उदाहरणं आपल्या पट्ट्यात कमी नाहीत.

आत जाणाऱ्या हवेची ही गोष्ट झाली. बाहेर पडणारा धूर म्हणजे त्याच गोष्टीचा दुसरा भाग. जुना मेस्त्री यंत्राला हात लावायच्या आधी लांबून धूर बघायचा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. आधी एअर क्लीनर बघ, मग इंजेक्टर. निळा म्हणजे तेल जळतंय, रिंगा किंवा टर्बोचं सील. गरम झालेल्या इंजिनातून पांढरा येत राहिला तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा पाणी शिरलंय. सायलेन्सर आतून काजळीने भरला तर धुराला वाट मिळत नाही, इंजिन गुदमरतं, तापतं. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं की त्या जागी काजळीचा काळा फराटा उमटतो. तो रोज पुसणारा हेल्पर असेल तर नवा फराटा लगेच दिसतो. जवळून जाणारा तेलाचा होज गळत असेल आणि तापलेल्या पाइपवर तेल पडलं, तर आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून पाइपवरची उष्णता अडवणारी गुंडाळी उसवली की त्याच दिवशी बांधायची.

काही डोझर-डंपरांवर तर हवा आणि धूर एकमेकांना जोडलेलेच असायचे. सायलेन्सरमधून जोरात जाणाऱ्या धुराच्या ओढीने प्री-क्लीनरमधली जड धूळ शोषून बाहेर फेकायची, अशी ती योजना. यंत्राने स्वतःच्या उच्छ्वासावर स्वतःचं नाक साफ करायचं! मधला झडपेचा पत्रा अडकला तर मात्र उलटं व्हायचं. गरम धूर क्लीनरकडे यायचा आणि फिल्टर काजळायचा. मूळ कारण सायलेन्सरच्या बाजूला, दोष दिसतो एअर क्लीनरवर. असा दोष शोधून काढणाऱ्याला वर्कशॉपमध्ये मान असायचा.

आपल्याकडे आणखी एक शत्रू, पाऊस. वाळपईकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो. जून लागला की खोदकाम थांबायचं आणि वर्कशॉपचा हंगाम सुरू व्हायचा. उभ्या धुराड्यावर लोखंडी झाकणी असते, ती इंजिनाच्या दाबाने उघडते आणि बंद केलं की पडते. पण गंजून अडकली तर पावसाचं पाणी सरळ सिलिंडरपर्यंत. त्यामुळे उभ्या यंत्रांच्या धुराड्यांवर पत्र्याचे डबे, नारळाच्या करवंट्या, सापडेल ते घातलेलं असायचं. बाहेरच्या माणसाला हसू येई, पण एका करवंटीने इंजिन वाचत होतं.

हीच विद्या सगळ्यात जास्त कामी आली ती खाणी बंद पडल्यावर. २०१० च्या आसपास निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये शाह आयोगाच्या अहवालानंतर सरकारने काम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्टे रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा सगळं शांत झालं. शेकडो यंत्रं आणि ट्रक अंगणात, माळावर उभे. उभं इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर मरतं, हे किती जणांना तेव्हा कळलं. धुराड्यातून आणि क्लीनरच्या तोंडातून दमट हवा आत जाते, रिंगा गंजून चिकटतात. कुंभारीण माशी पाइपात मातीचं घर बांधते, उंदीर कागदाचा फिल्टर कुरतडतात. ज्यांनी दोन्ही तोंडं प्लास्टिक आणि टेपने बांधून ठेवली, अधूनमधून इंजिन फिरवलं, त्यांच्या यंत्रांना पुढे गिऱ्हाईक तरी मिळालं. बाकीची किलोवर गेली. कर्जाचे हप्ते मात्र दोघांचेही सारखेच होते.

आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. यंत्राच्या फिल्टरला इंडिकेटर होता, बदलायचं वेळापत्रक होतं, नोंदवही होती. त्याच धुळीत आठ-आठ तास उभ्या असलेल्या हेल्परच्या तोंडाला काय होतं? बहुतेकदा पंचा. हवा मारताना उडालेली सगळी धूळ आधी त्याच्याच नाकात जायची. गारेची बारीक धूळ इंजिनाच्या लायनरला जे करते, त्याहून वाईट ती फुप्फुसाला करते, आणि फुप्फुसाचं लायनर बदलता येत नाही. ट्रक-रस्त्याकाठच्या घरांतल्या तुळशी लाल झालेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. पण घरातल्या माणसाचा खोकला हा ‘वयाचा’ किंवा ‘विडीचा’ म्हणून सोडून दिला. इंजिनाला जपणाऱ्या माणसाला जपायची रीत मात्र बसली नाही, हे मान्य करायला हवं.

आता २०२४ पासून डिचोलीच्या बाजूला पुन्हा काम सुरू झालंय. यंत्रं बदललीत. एप्रिल २०२१ पासून आलेल्या धुराच्या नव्या नियमांमुळे आता अनेक यंत्रांच्या सायलेन्सरमध्येही काजळी धरणारा फिल्टर असतो. तो तापून स्वतःची काजळी जाळतो, पण राख मागे उरते, आणि ती ठरलेल्या तासांनी काढावी लागते. तेलही कमी राखेचंच घालावं लागतं, स्वस्त तेल घातलं तर तो फिल्टर लवकर तुंबतो. धुराच्या रंगावरून दोष ओळखायची विद्या इथे चालत नाही, कारण धूर दिसतच नाही. लॅपटॉप लावावा लागतो. पण होज फाटला, क्लॅम्प सुटला, कागदाला चीर गेली, तर आजही बोटाला बांधलेला पांढरा कपडाच खरं सांगतो.

ज्यांच्या घरी वडील, काका, आजोबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांनी एकदा त्यांच्याजवळ बसून हे विचारून घ्या. दिवा कसा धरायचे, हवा किती मारायचे, कुठला आवाज आला की यंत्र बंद करायचे. तुमच्याकडचे शब्द वेगळे असतील, बेळगावकडचे आणखी वेगळे. ते खाली लिहा. आणि त्यांना खोकला असेल तर आधी डॉक्टरकडे नेऊन छातीचा फोटो काढून घ्या, कुठल्या धुळीत किती वर्षं काम केलं हे डॉक्टरांना नीट सांगा. आठवणी त्यानंतर लिहिल्या तरी चालतील.