मांडव कोणाचा?

काही विषय असे असतात की ते निघाले रे निघाले की जमलेल्या माणसांचे दोन तट पडतात. मग कुणीतरी शहाणा माणूस सुचवतो, "या विषयाला वेगळी जागा देऊ या. ज्यांना भांडायचंय त्यांनी तिकडे भांडावं, बाकीच्यांनी इकडे आपलं काम करावं." मला हा उपाय चटकन पटतो. एकमेकांच्या पायात येणारे भाग वेगळे काढायचे, हा आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातला पहिलाच धडा. पण हाच उपाय माणसांवर वापरला की काय होतं, याचा एक अख्खा प्रयोग आपल्या पुण्यात होऊन गेलाय. साल १८९५. आणि भांडण होतं मांडवावरून. (पुण्यात आणखी कशावरून होणार म्हणा!)

काँग्रेसचं पहिलं अधिवेशन खरं तर पुण्यातच भरायचं होतं, १८८५ च्या डिसेंबरात. पण गावात कॉलरा आला आणि ते मुंबईला हलवावं लागलं. ७२ प्रतिनिधी जमले. राजकारणाचं काम आटोपल्यावर न्यायमूर्ती रानडे आणि मद्रासकडचे दिवाणबहादूर रघुनाथराव यांनी तिथेच समाजसुधारणेवर भाषणं केली. म्हणजे बालविवाह, विधवांचे हाल वगैरे. आणि लगेच प्रश्न उभा राहिला: हे विषय काँग्रेसमध्ये घ्यायचे का?

पुढच्याच वर्षी कलकत्त्याला दादाभाई नौरोजींनी अध्यक्ष म्हणून उत्तर दिलं. आपण इथे राजकीय मागण्यांसाठी जमलोय, सामाजिक प्रश्न ज्या त्या समाजाने आपापल्या परिषदेत सोडवावेत, असा त्याचा आशय. युक्तिवाद बिनतोड वाटतो. हिंदूंच्या लग्नाच्या चालींवर पारशी आणि मुसलमान सभासदांनी हात वर करून मतं द्यायची की काय?

आज आपण चारचौघांत "राजकारण नको" म्हणतो. तेव्हा राजकारणासाठीच जमलेली मंडळी "समाजकारण नको" म्हणत होती. विषय उलटा, भीती तीच.

रानड्यांनी यावर जो तोडगा काढला तो मला फार हुशारीचा वाटतो. १८८७ साली मद्रासला काँग्रेस भरली तेव्हा त्यांनी सामाजिक परिषद सुरू केली. संस्था वेगळी, ठराव वेगळे, पण गाव तेच, दिवस लागूनचे आणि मांडवही काँग्रेसचाच. काँग्रेसचं काम संपलं की त्याच मांडवात परिषद बसायची. ज्याला ऐकायचं नाही त्याने उठून जावं. ज्याला ऐकायचंय त्याला मात्र वेगळं गाडीभाडं भरून पुन्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला जायला नको. शिवाय कुंपणावरचा माणूस, जो खास विधवाविवाहासाठी घराबाहेर पडला नसता, तोही जरा वेळ टेकायचा. खोल्या दोन, पण मधलं दार उघडं! स्वतः रानडे सरकारी नोकर, १८९३ पासून तर हायकोर्टाचे न्यायाधीश. काँग्रेसच्या व्यासपीठावर त्यांना उघडपणे उभं राहता येत नव्हतं. त्यामुळे ही दुसरी खोली त्यांची हक्काची.

मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेणारा. टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. आता टिळकांना सरळ 'सनातनी' म्हणून मोकळं व्हायची आपल्याला घाई असते, पण ते तितकं सोपं नाही. आदल्याच वर्षी त्यांनी सुधारकांपुढे अटी ठेवल्या होत्या: मुलींची लग्नं १६ च्या आत नकोत, मुलांची २० च्या आत नकोत, विधवांचं केशवपन नको, आणि हे आधी स्वतःच्या घरात पाळू असं लिहून द्या. म्हणजे कायद्यापेक्षा कडक! त्यांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करण्याला होता. हे मला समजतं. तरी त्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला या भांडणात कुणी काही विचारत होतं का, हा प्रश्न राहतोच. आणि जी गोष्ट व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा होऊन येते तिला 'सामाजिक, राजकीय नव्हे' कसं म्हणायचं, हाही.

असो. १८९५ साली काँग्रेस शेवटी पुण्यात भरणार असं ठरलं. त्याच वर्षी सार्वजनिक सभा रानडे-गोखल्यांच्या हातून टिळकांच्या गटाकडे गेलेली. म्हणजे गावातली हवा आधीच तापलेली. स्वागत समितीच्या चिटणिसांत टिळकही आणि गोखलेही. ठिणगी पडली ती नेहमीच्या रिवाजावरून: काँग्रेसनंतर मांडव सामाजिक परिषदेला द्यायचा की नाही?

टिळकपक्षाचं म्हणणं होतं की मांडव सगळ्यांच्या वर्गणीतून उभा राहणार आहे. त्यात सुधारणा नको असलेल्यांचेही पैसे आहेत. काँग्रेस चार वकिलांच्या बाहेर, सामान्य माणसांपर्यंत न्यायची असेल तर त्यांच्या भावना दुखावून कसं चालेल? यातला दुसरा मुद्दा तर मला आजही वजनदार वाटतो. पण प्रकरण युक्तिवादावर थांबलं नाही. परिषद भरवलीत तर मांडव जाळू, अशा धमक्या आल्या. टिळक चिटणीसपदावरून बाजूला झाले होते, पण वातावरण काही निवळलं नाही. शेवटी रानड्यांनीच माघार घेतली. काँग्रेस फुटण्यापेक्षा आपण बाहेर जाऊ, असा हिशेब. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस पार पडली आणि सामाजिक परिषद वेगळ्या मांडवात भरली.

गंमत म्हणजे याच्या एक-दोन वर्षं आधीच टिळकांनी गणपतीच्या मांडवात राजकारण आणलं होतं! मेळे, व्याख्यानं, सगळं काही. म्हणजे धार्मिक मांडवात राजकारण चालतं, पण राजकीय मांडवात समाजकारण चालत नाही. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये (बरं, थोडासा आहे). गर्दी कुठे जमते हे टिळकांना अचूक कळलं होतं, आणि विषय गर्दी असेल तिथे नेला तरच तो वाढतो हेही. नेमकं हेच रानड्यांनाही कळलं होतं, म्हणून तर त्यांना काँग्रेसचा मांडव हवा होता. तत्त्व दोघांचं एकच. फरक इतकाच की किल्ली एकाच्या हातात होती.

बरं, विषय बाहेर काढल्याने काँग्रेस फुटायची वाचली का? १२ वर्षांनी, १९०७ च्या डिसेंबरात, सुरतेच्या अधिवेशनात जहाल आणि मवाळ एकमेकांवर खुर्च्या घेऊन धावले. एक जोडा व्यासपीठावर उडाला आणि तो सुरेंद्रनाथांना आणि फिरोजशहा मेहतांना लागला. होय, १८९५ चे तेच सुरेंद्रनाथ. वाद शुद्ध राजकीय. विधवा नाही, संमतिवय नाही, काही नाही.

आणि बाहेर काढलेल्या विषयाचं काय झालं? परिषद बंद पडली नाही. रानडे तिच्यासाठी कलकत्त्याला गेले, १८९७ ला अमरावतीला गेले, थेट लखनौपर्यंत गेले. १९०१ च्या जानेवारीत ते वारले. पण काँग्रेसला अस्पृश्यांवरच्या जाचक बंधनांबद्दल स्वतःच्या मांडवात ठराव करायला १९१७ साल उजाडलं. मद्रासला दुसरी खोली काढली त्याला तेव्हा ३० वर्षं झाली होती.

इथे एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. या दोन्ही मांडवांत बसलेली मंडळी साधारण एकाच थरातली होती. त्याच पुण्यात जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्येच सत्यशोधक समाज काढला होता. १८८५ ला रानड्यांच्या ग्रंथकार सभेचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून साफ नकार कळवला होता. तुमच्या सभेत आमचं दुखणं निघणार नाही, आमचं आम्ही पाहू, असा सूर. दोन खोल्यांच्या वाटणीवरून ब्राह्मण पुढारी भांडत होते, तेव्हा वाड्याबाहेर किती माणसं उभी आहेत याची मोजदाद दोन्हीकडे नव्हती.

ही मोजदाद पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी केली. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं. त्या भाषणात त्यांनी १८९५ ची ही मांडवाची गोष्ट सांगितलीय. वर विचारलंय की सामाजिक परिषद हरली ती का? त्यांचं उत्तर असं की ती फक्त उच्चवर्णीय कुटुंबाच्या सुधारणेपुरती होती. विधवाविवाह, बालविवाह. जात मोडण्याचा प्रश्न तिने घेतलाच नाही. म्हणजे वेगळ्या खोलीतही एक विषय दाराबाहेरच होता.

लाहोरच्या मंडळींना भाषणाचा मजकूर आधी वाचायला मिळाला. तो त्यांना झेपला नाही. काही भाग बदला म्हणाले, आंबेडकरांनी नकार दिला, आणि परिषद रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं.